ब्यूलीच्या गवतावर एमजीबीचा गिअरबॉक्स

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून साउदॅम्प्टनच्या दिशेची गाडी धरली की दोन तासांच्या आत ब्रॉकनहर्स्ट येतं. तिथून ब्यूली टॅक्सीने थोडक्यात. रस्ता न्यू फॉरेस्टच्या रानातून जातो. तिथली मोकळी तट्टं रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहतात आणि ती बाजूला होईपर्यंत सगळी वाहतूक शांतपणे थांबते. सप्टेंबरात ब्यूलीच्या मोटार संग्रहालयाभोवतीच्या कुरणांवर ऑटोजम्बल भरतं. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा हा बाजार १९६७ पासून चालू आहे. दुकानं गवतावरच मांडलेली असतात. पहाटे दव असतं आणि पाऊस झाला की चिखल होतो, म्हणून पायात गमबूट हवेत.

आम्ही आलो होतो एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या गिअरबॉक्ससाठी. १९६२ ते १९८० या काळात ही गाडी पाच लाखांहून जास्त संख्येने बनली, त्यामुळे माल मुबलक आहे. अडचण वेगळीच आहे. ज्या भागावर ‘एमजीबी’ अशी चिठ्ठी लावलेली असते, तो तुमच्या एमजीबीला बसेलच असं नाही. चिठ्ठीवर विसंबू नका. दात, खाचा आणि व्यास पाहूनच पैसे द्या.

बाजारात शिरण्याआधी आपल्या इंजिनाच्या पट्टीवरची अक्षरं वहीत लिहून ठेवा. १८जी आणि १८जीए ही तीन मेन बेअरिंगची (क्रँकला आधार देणारी बेअरिंग) इंजिनं, ऑक्टोबर १९६४ पर्यंतची. १८जीबी पाच बेअरिंगचं. या तिन्हींच्या मागे तीन सिंक्रोचा बॉक्स असतो, म्हणजे पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर टाकताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी यंत्रणा) नाही. १९६७ च्या अखेरीस मार्क दोन, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीची गाडी आली, तिच्यात १८जीडी इंजिन आणि चारही गिअरना सिंक्रो असलेला नवा बॉक्स. या दोन बॉक्सचे अंतर्गत भाग एकमेकांत चालत नाहीत. तीन सिंक्रोचा लेगिअर (क्लच शाफ्टकडून गती घेऊन बाकीच्या गिअरना देणारा, एकाच तुकड्यातला गिअरांचा संच) चारच्या बॉक्समध्ये घालता येत नाही. अख्खा चार सिंक्रोचा बॉक्स मार्क एक गाडीत घालायचा तर बोगदा (गाडीच्या तळातला, बॉक्स सामावणारा उंचवटा) कापून रुंद करावा लागतो, कारण मार्क दोनचा बोगदाच कारखान्यात रुंद केला होता. शिवाय स्टार्टर वेगळा, त्यासाठी फ्लायव्हील आणि इंजिनामागची प्लेटही वेगळी. एवढं सगळं बदलण्यापेक्षा आहे त्याच जातीचा बॉक्स नीट बांधावा, असं आमचं ठाम मत आहे.

ताडपत्रीवर पडलेला बॉक्स ओळखायची सर्वांत सोपी जागा म्हणजे पुढचा क्लच शाफ्ट. त्यावरच्या खाचा मोजा. दहा जाड खाचा म्हणजे तीन सिंक्रो, तेवीस बारीक खाचा म्हणजे चार सिंक्रो. मग शाफ्टचं अगदी पुढचं टोक पाहा, जे क्रँकच्या मागच्या बुशमध्ये शिरतं. तीन बेअरिंगच्या इंजिनासाठी ते बारीक असतं, पाच बेअरिंगसाठी जाड. १८जीबीच्या मालकाने १८जीएचा क्लच शाफ्ट घेतला, तर तो बॉक्समध्ये बिनतक्रार बसतो, पण इंजिनाला जोडल्यावर त्याच्या टोकाला आधार राहत नाही. व्हर्निअर कॅलिपर खिशात असेल तर हे जागीच कळतं.

बॉक्स पूर्ण असेल तर आणखी एक तपासणी करता येते. पहिला गिअर टाका, पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूने खूण करा आणि पुढचा शाफ्ट इंजिन फिरतं त्याच दिशेने हाताने फिरवा. मागच्या शाफ्टचे पाच पूर्ण फेरे होईपर्यंत पुढचे फेरे मोजा. साधारण १८.२ आले तर तीन सिंक्रोचं ३.६४ गुणोत्तर. १७.२ आले तर सुरुवातीच्या चार सिंक्रोचं ३.४४. १५.७ च्या आसपास आले तर तो आठ सिलिंडरच्या व्ही-८ एमजीबीचा उंच गिअरिंगचा बॉक्स आहे. व्ही-८ आणि एमजीसी (सहा सिलिंडरची भावंड गाडी) यांचे बॉक्स चार सिंक्रोच्याच घराण्यातले आहेत, पण त्यांची बेलहाउसिंग (इंजिनाला जोडणारं पुढचं कवच) वेगळी, म्हणून ते १८०० सीसी इंजिनाला थेट जोडले जात नाहीत. त्यांच्यातले गिअर घ्यायचे झालेच तर क्लच शाफ्ट, लेगिअर आणि त्याला भिडणारे सगळे गिअर असा पूर्ण संच घ्यावा. क्लच शाफ्टचा दात आणि लेगिअरचा पुढचा दात कायम एकमेकांत गुंतलेले असतात. जोडीतला एकच बदलला तर दातांचा हिशेब चुकतो. आणि दातांची संख्या जुळली, तरी जुना झिजलेला आणि नवा दात एकत्र आले की बॉक्स रडत राहतो.

आता लेगिअर, कारण या बॉक्सचं आयुष्य त्याच्यावरच ठरतं. लक्षणं सोपी आहेत. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला घरघर येते आणि चौथ्यात आवाज जवळजवळ बंद होतो. चौथा गिअर थेट असल्यामुळे त्यात लेगिअरवर भार नसतो. न्यूट्रलला आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर दोष क्लच शाफ्टच्या बेअरिंगचा किंवा लेगिअरच्या सुई बेअरिंगचा. हा लेगिअर ज्या दांड्यावर फिरतो, त्या लेशाफ्टवरचा कडक थर सुयांच्या खाली उखडतो आणि बारीक खड्डे पडतात. उखडलेला चुरा तेलातून सगळीकडे जातो.

जुना लेशाफ्ट विकत घेऊच नका, कितीही चमकत असला तरी. नवा लेशाफ्ट आणि नव्या सुया या प्रत्येक बांधणीत घालायच्या वस्तू आहेत. लेगिअर मात्र जुना घ्यावा लागतो, तेव्हा टॉर्च लावून त्याच्या आतल्या भोकात पाहा. सुया जिथे फिरतात तिथे नख फिरवा. खरखर लागली, राखाडी डाग दिसले, तर तो लेगिअर भंगार. बाहेरचे दात कितीही सुंदर असले तरी आतली वाट खराब असेल तर नवा लेशाफ्टही लवकरच खराब होईल. तीन सिंक्रोच्या लेगिअरवर पहिल्या गिअरचे दात टोकांना तुटलेले असणं नेहमीचं. गाडी पूर्ण थांबायच्या आत पहिला टाकायची सवय तिथे दिसते. टोकाला हलका गोलावा आला असेल तर चालतं. कडक थर निघून आतला पोत दिसत असेल तर नको.

बांधताना लेगिअरची लांबीतली चाल ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर ठेवायची. त्यासाठी मागचं थ्रस्ट वॉशर वेगवेगळ्या जाडीत मिळतं. बाजारात अशी वॉशरं डबीत सुटी पडलेली असतात. दोन-तीन जाडीची घेऊन ठेवली की जोडणी अर्ध्यावर अडत नाही. चाल जास्त राहिली तर लेगिअर पुढेमागे सरकून वॉशर खातो, शून्य झाली तर तेलाचा थर राहत नाही आणि वॉशर जळतं.

सुया जागेवर धरायला लेशाफ्टपेक्षा किंचित बारीक आणि लेगिअरएवढ्याच लांबीचा खोटा दांडा लेथवर करून घ्या. ग्रीस लावून सुया बसवल्या, दोन्ही बाजूंना वॉशर चिकटवली की हा सगळा गठ्ठा आधी बॉक्सच्या तळाशी ठेवायचा. मग मेनशाफ्ट (मागे बाहेर येणारा मुख्य शाफ्ट), मग क्लच शाफ्ट, आणि शेवटी लेगिअर वर उचलून खरा लेशाफ्ट आत ढकलायचा, म्हणजे खोटा दांडा दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. हा क्रम उलटवता येत नाही, कारण लेगिअर वर असताना मेनशाफ्ट आत जायला जागाच नसते.

सिंक्रोच्या पितळी रिंगा नव्याच घ्याव्यात. जुनी रिंग गिअरच्या शंकूवर दाबून फिरवून पाहा. ती धरत नसेल आणि तिच्या कडेला गिअरच्या दातांपर्यंत जेमतेम फट उरली असेल तर ती संपली. हब आणि त्यावरची सरकती बाही ही एकत्र झिजलेली जोडी असते, ती फोडून दुसऱ्या बाहीशी जुळवू नका, गिअर उडू लागतो. उघडण्याआधी दोघांवर खूण करा आणि फडक्यात गुंडाळूनच उघडा, नाहीतर आतले बॉल आणि स्प्रिंगा गवतात गेल्याच म्हणून समजा.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे बॉक्सच्या मागे लागणारं, त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारं युनिट, हा ब्यूलीतला सर्वांत महाग ढीग. तीन सिंक्रोच्या मागे लेकॉक कंपनीचा डी-टाइप येतो, चारच्या मागे एलएच. डी-टाइपचे भाऊबंद ट्रायम्फ स्पिटफायर आणि जुन्या व्हॉल्वोंच्या मागेही सापडतात. त्यातले ओ-रिंग, झडपांचे बॉल यांसारखे किरकोळ भाग एकमेकांना चालतात. ग्रहगिअरांचा संच मात्र पाहून घ्या: एमजीबीचं गुणोत्तर ०.८०२, व्हॉल्वोंत ०.७५६ ही सापडतं. एलएचचं ०.८२. एलएचवर काळी किंवा निळी पट्टी असते. काळी जुनी, तिच्यातून स्पीडोमीटरला मैलाला १२८० फेऱ्यांची गती मिळते. निळ्या पट्टीच्या युनिटमधून १०००. पट्टी बदलली आणि मीटर तोच ठेवला तर वेग चुकीचा दिसेल. म्हणून युनिट घेताना त्याला जुळणारा मीटरही शोधा.

यात सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते एका गोष्टीमुळे. ओव्हरड्राइव्हचं युनिट स्वस्तात मिळालं म्हणून लोक घेतात आणि साध्या बॉक्सच्या मागे लावायला जातात. ते लागत नाही. ओव्हरड्राइव्हच्या बॉक्सचा मेनशाफ्टच वेगळा आहे, मागच्या बाजूला युनिटमध्ये शिरणाऱ्या खाचांसह. गिअर तेच राहतात, पण मेनशाफ्ट, मधली ॲडॉप्टर प्लेट आणि पंप हलवणारा कॅम असं सगळं एकत्र लागतं. त्यामुळे युनिट आणि मेनशाफ्ट एकाच विक्रेत्याकडून, एकाच गाडीतून निघालेले मिळाले तरच घ्या. जोडताना युनिटच्या आतल्या दोन खाचांच्या रांगा लांब पेचकसाने एका रेषेत आणायच्या, कॅमचा कमी उंचीचा भाग पंपाकडे ठेवायचा आणि युनिट हाताने सरकत आत जाऊ द्यायचं. नट आवळून ओढलंत तर आतला एकदिश क्लच किंवा पंप मोडतो.

मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत ‘ॲम्बॅसडरचं लागतं’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण थोडं. ॲम्बॅसडरचं १४८९ सीसी इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी मालिकेतलं, एमजीबीच्या आधीच्या एमजीए १५०० गाडीच्या इंजिनाचं सख्खं भावंड, आणि तिचा बिनसिंक्रो पहिल्या गिअरचा जुना बॉक्स त्याच घराण्यातला. म्हणून तीन सिंक्रोच्या मालकाने बेअरिंगवरचा नंबर आणि मापं जुळवून पाहायला हरकत नाही. गिअर आणि शाफ्ट मात्र दात मोजल्याशिवाय घेऊ नयेत. चार सिंक्रोच्या बॉक्सशी ॲम्बॅसडरचा काहीही संबंध नाही.

ब्यूलीहून ॲबिंग्डनला जायला आम्ही ब्रॉकनहर्स्टवरून थेट ऑक्सफर्डची गाडी धरली आणि पुढे बस. १९२९ पासून १९८० च्या ऑक्टोबरपर्यंत एमजीचा कारखाना इथे होता. आता तिथे कारखाना नाही, पण शेजारीच किंबर हाऊसमध्ये एमजी कार क्लबचं कार्यालय आहे. गावातल्या जुन्या काउंटी हॉलच्या संग्रहालयात कारखान्यातून शेवटी निघालेल्या एमजीबींपैकी एक ठेवली आहे. गावासाठी वेळ काढावा, नदीकाठ सुंदर आहे. उत्तरेकडे गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून गाडीच्या क्रमांकावरून मूळ नोंदींचं प्रमाणपत्र मिळतं. तुमच्या गाडीला कारखान्यातूनच ओव्हरड्राइव्ह होता का, हे खरेदीआधी कळलं तर मेनशाफ्टचा प्रश्न निम्मा सुटतो.

परत आणताना प्रत्येक भाग केरोसीनने धुवून पूर्ण कोरडा करा. तेलाचा वास असलेला भाग विमान कंपन्या नाकारतात. शाफ्ट आणि लेगिअर हातातल्या सामानात नेऊ नका, सुरक्षा तपासणीत अडकतील. दात जाड कापडात गुंडाळून मोठ्या बॅगेत, आणि विक्रेत्याची पावती जवळ, कस्टमला दाखवायला. पोहोचल्याबरोबर भागांना पातळ तेल लावा, कोकणपट्टीच्या हवेत धुतलेलं पोलाद लगेच तांबूस पडतं.

एमजीबीत इंजिन आणि गिअरबॉक्स शक्यतो एकत्रच बाहेर काढावे लागतात, म्हणून त्याच वेळी क्लच प्लेट, कार्बनचं रिलीज बेअरिंग, क्रँकमधला बुश आणि मागचं ऑइल सील बदलून टाका. चार सिंक्रोच्या पुढच्या कव्हरलाही सील आहे. तेल साधं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल: चार सिंक्रोला सुमारे ३ लिटर, ओव्हरड्राइव्हसह ३.४. तीन सिंक्रोला २.५६ आणि ३ लिटर. जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल यात कधीही ओतू नका, त्यातली रसायनं पितळी रिंगा खातात आणि ओव्हरड्राइव्हचा शंकू-क्लच घसरू लागतो. पहिले काहीशे किलोमीटर झाल्यावर हे तेल काढून टाका आणि एलएच युनिटच्या खालची प्लेट उघडून जाळी धुवा. जाळीजवळच्या चुंबकावर काळी पेस्ट नेहमीची असते. चमकणारे कण दिसले तर बॉक्स पुन्हा उघडा.