तुम्ही विचारलंत म्हणून: दगड बघून आत काय आहे ते सांगता येतं का?

मी खनिजसंपत्ती आणि खाणकामाचं भूविज्ञान शिकले हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. बऱ्याचदा त्यासोबत खिशातून एक चकाकणारा दगडही बाहेर निघतो. हातातल्या दगडापुरतं उत्तर सोपं आहे: ते सोनं नसून पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं सोन्यासारखं चमकणारं खनिज. खात्री करायची तर टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासून बघा. सोन्याची रेघ पिवळी उमटते, पायराइटची हिरवट काळी. हातोडीने ठोकलं तर सोनं चपटं होतं, पायराइटचा भुगा होतो. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्येच हे होऊन जातं.

पण जमिनीखाली काय आहे, किती आहे, हे वरचा दगड बघून सांगता येतं का? नाही. आणि ते ‘नाही’ किती मोठं आहे हे मोजायला शिकणं, यातच आमची बरीचशी वर्षं गेली.

आधी खनिज साठे मुळात होतात कसे ते शिकवतात. भूकवचात लोखंड सरासरी पाच टक्के असतं, चांगल्या लोहखनिजात साठ. म्हणजे निसर्गाने ते दहा-बारा पट गोळा केलं की झालं. तांबं साध्या खडकात टनामागे पन्नास-साठ ग्रॅम, आणि मोठ्या उघड्या खाणीला निदान पाच किलोच्या आसपास लागतं. तिथे शंभरपट गोळाबेरीज हवी. सोन्याला तर शेकडो पट. हे काम पुष्कळदा गरम खारट पाणी करतं. खडकांतून फिरताना ते धातू विरघळवून घेतं, भेगांतून वर येतं आणि थंड झालं, उकळलं किंवा वेगळ्या जातीचा खडक भेटला की धातू तिथेच टाकतं. १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकच्या तळाशी साडेतीनशे अंशांच्या घरातलं काळं पाणी ओकणारी धुरांडी सापडली, तेव्हा पुस्तकातली आकृती प्रत्यक्ष चालू असलेली दिसली. मला हा भाग अजूनही सगळ्यात आवडतो. रोजच्या कामात मात्र त्याच्यापेक्षा कोअरच्या पेट्या जास्त भेटतात.

कोअर म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेल्या मनगटापेक्षा बारीक दगडी कांड्या, पेटीत ओळीने मांडलेल्या, मधेमधे खोली लिहिलेले ठोकळे. कोरड्या असताना सगळ्या सारख्याच करड्या दिसतात. पाणी मारलं की बोलायला लागतात. एक पांढरी क्वार्ट्झची शीर आडवी गेलेली, तिच्या कडेला पितळी ठिपके. ठिपका गडद पिवळा असेल आणि चाकूने ओरखडा उठला तर चाल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं खनिज. फिकट असेल आणि चाकूला दाद देत नसेल तर पुन्हा आपलं पायराइटच. शिरेच्या दोन्ही अंगांना फेल्डस्पार या खडकातल्या नेहमीच्या खनिजाचं दुधट पीठ झालेलं दिसतं, म्हणजे गरम पाण्याने खडक तिथवर बदलला. मग शिरेचा कोन मोजा, दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज करून खडक किती तुटका आहे ते काढा, लिहा, पुढची पेटी. शेवटी कोअर करवतीने उभा चिरायचा. अर्धा प्रयोगशाळेकडे, अर्धा पेटीत परत.

आता गंमत बघा. नेहमीच्या मापाच्या कोअरचा व्यास ४७.६ मिलिमीटर. दर पन्नास मीटरवर एक बोअर धरला, तर आपण साधारण चौदा लाख भागांतला एक भाग पाहिलेला असतो. बाकीचा सगळा अंदाज. त्यावरून दोन बोअरच्या मधल्या खडकात किती धातू आहे हे सांगायचं असतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत असं दिसायचं की नमुन्यांत श्रीमंत वाटलेला भाग प्रत्यक्ष खणल्यावर तितका श्रीमंत निघत नाही, आणि गरीब वाटलेला तितका गरीब नसतो. डॅनी क्रिगे या दक्षिण आफ्रिकी अभियंत्याने १९५१ मध्ये या चुकीला संख्याशास्त्राने लगाम घातला. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज मातेराँ यांनी त्याचा सिद्धांत उभा केला आणि पद्धतीला क्रिगे यांचंच नाव दिलं: क्रिगिंग. दगडांच्या आवडीपायी या विषयाला आलेल्यांची इथे गाळण उडते. उडू दे, पण हा तास बुडवू नका.

कोअर अर्धा जपून ठेवण्याचं काम कंटाळवाणं वाटायचं, ब्री-एक्सचं प्रकरण शिकेपर्यंत. इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये प्रचंड सोनं सापडल्याचं या कॅनेडियन कंपनीने जाहीर केलं. कंपनीचं बाजारमूल्य ६ अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत चढलं. १९९७ मध्ये दुसऱ्यांनी तिथेच शेजारी बोअर मारले, तर सोनं जवळपास नाहीच. नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलेलं होतं. आणि कोअर अर्धा न ठेवता सगळाच दळला होता, म्हणजे पडताळायला मागे काही उरलंच नव्हतं.

भाव हा आणखी एक घटक. तांब्याचा दर पडला की काल खनिज म्हणून मोजलेला खडक आज टाकाऊ होतो. खडक तोच, बदलते ती हिशेबाची वही. हे भूविज्ञानाच्या वर्गात ऐकायला विचित्र वाटतं, पण अर्धी खाण त्यावरच चालते किंवा बंद पडते.

टाकाऊ खडकाचंही ऐका. टनामागे पाच किलो तांबं म्हणजे ९९५ किलो मागे उरतात, आणि त्यात ते पायराइट असतं. हवा-पाणी लागलं की त्यापासून गंधकाम्ल तयार होतं. स्पेनमधल्या रिओ तिंतो नदीचं पाणी लाल आणि लिंबाच्या रसाइतकं आंबट आहे. तिथे खाणकाम सुमारे पाच हजार वर्षं चाललं, आणि तिथला खडकही मुळात पायराइटने भरलेला. धातू काढून घेतल्यावर उरणाऱ्या दळलेल्या गाळाची गोष्ट वेगळी: २०१९ च्या जानेवारीत ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योला असा गाळ अडवणारा बांध फुटला आणि २७० माणसं गेली. आता त्याच कोअरमधून आम्ल किती होईल हे तपासायलाही तुकडे काढतात. आम्हाला हे शिकवणारा पेपर ऐच्छिक होता. माझं विचाराल तर तो सक्तीचा हवा. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाचे चार तास कमी झाले तरी चालतील.