होई आनमध्ये शिवलेला बाबांचा कोट

त्या मुलीची मूठ मला अजून दिसते.

बाबा आरशासमोर उभे होते. अंगात नवाकोरा करडा कोट. समोरून बघितलं तर छान बसलेला. दुकानदार "परफेक्ट, सर, परफेक्ट" म्हणत होता. मी फोटो काढायला बाजूला सरकले आणि मला बाबांची पाठ दिसली. दुकानातल्या मदतनीस मुलीने दोन्ही खांद्यांच्या मधलं कापड मुठीत गोळा करून मानेकडे ढकलून धरलं होतं. मी बघितलं हे तिच्या लक्षात आलं तसा तिने हात काढला. कोट सरकन खाली घसरला, कॉलर मानेपासून दोन बोटं सुटून मागे उभी राहिली आणि पोटावरचं बटण ताणलं गेलं.

बाबा म्हणाले, "चालेल गं. कोट काय, दोन तास तर घालायचाय."

या "चालेल"चा मला इतका राग आला, की हे सगळं लिहायला बसले ते त्यामुळेच.

व्हिएतनामची आमची सहल एकूण सोळा दिवसांची. हनोई बघितलं, हालाँगच्या उपसागरात एक रात्र बोटीवर काढली, दा नांगच्या समुद्रकिनाऱ्यावर चाललो. सगळं छान झालं, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. होई आनला आम्ही तीन दिवसांसाठी गेलो होतो आणि आठ दिवस राहिलो.

धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं आणि बाबांना सूट हवा होता. खरं तर हवा होता मला. बाबा घड्याळजी. आता बहात्तर वर्षांचे आहेत. त्यातली चाळीसेक वर्षं बुटक्या टेबलाशी बसून, उजव्या डोळ्याला भिंग लावून, तांदळाच्या कणीहून लहान स्क्रू बसवण्यात गेली. त्यामुळे पाठीला पोक आलंय, मान पुढे गेलीय आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलाय. तयार कोट त्यांना कधीच बसला नाही. दुकानात जायचं, दोन-तीन घालून बघायचे, सगळे मागून वर उचलले जायचे, आणि शेवटी शर्ट घेऊन परत यायचं, असं आमच्या घरात अनेकदा झालंय.

आणि होई आन म्हणजे तर शिंप्यांचं गाव. थू बोन नदीच्या मुखाजवळचं हे जुनं बंदर. १५व्या शतकापासून १९व्या शतकापर्यंत चिनी आणि जपानी व्यापारी इथे रेशीम, मसाले, चिनी मातीची भांडी घ्यायला यायचे. पुढे नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजं दा नांगकडे वळली आणि हे गाव होतं तसंच राहून गेलं. १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. आता पिवळ्या भिंतींच्या जुन्या घरांमध्ये हॉटेलं आहेत, कंदिलांची दुकानं आहेत आणि शिंपी आहेत. किती? त्रान फू रस्त्यावरून चालायला लागलं की डावीकडे कोट घातलेले पुतळे, उजवीकडे कोट घातलेले पुतळे, आणि निम्म्या पाट्यांवर एकच वाक्य : चोवीस तासांत सूट.

पहिलं दुकान आम्हाला हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने सुचवलं. कार्ड दिलं, वर "माझं नाव सांगा, सवलत मिळेल" असंही म्हणाला. हॉटेलवाले आणि टॅक्सीवाले ज्या दुकानात पाठवतात तिथून त्यांना कमिशन मिळतं, हे मी जाण्याआधी वाचलेलं होतं. तरी गेले. दिवसभर उन्हात फिरून पाय दुखत होते आणि दुकानात एसी होता, एवढंच त्याचं कारण.

मापं घ्यायला जेमतेम सात-आठ मिनिटं लागली. बाबा टेपसमोर उभे राहिल्यावर तो दुकानदार त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "स्ट्रेट, सर, स्ट्रेट." बाबांनी जमेल तेवढी पाठ सरळ केली. श्वास रोखला. तरी मान पुढेच राहिली. तेव्हा मीही म्हणाले, "बाबा, ताठ उभे राहा ना जरा."

हे मला कबूल करायचंय. ते वाक्य मी लहानपणापासून म्हणत आलेय. फोटो काढताना, कुणाकडे लग्नाला गेल्यावर, माझ्या कॉलेजच्या कार्यक्रमात. बाबा दर वेळी प्रयत्न करतात आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा मूळ जागी येतात. त्या दिवशी त्या अर्ध्या मिनिटाची मापं घेतली गेली. तो कोट शिवला गेला तो बाबांसाठी नव्हे, श्वास रोखून उभ्या राहिलेल्या एका माणसासाठी. मग तो बसणार कसा?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुठीचा तो प्रकार झाला. मी दुकानदाराला कॉलर दाखवली तर तो म्हणाला, इस्त्री केल्यावर बसेल. कापडाबद्दल विचारलं तर शंभर टक्के इटालियन लोकर. मी म्हटलं, आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळून बघू या. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडता येते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. दुकानदाराने कोट माझ्या हातातून काढून घेतला. दोन दिवस चाललेलं त्याचं हसू तेव्हा पहिल्यांदा गेलं. १२० डॉलरमधले ६० आगाऊ दिले होते, ते तिथेच सोडून आम्ही बाहेर पडलो. त्या रात्री बाबा फारसे बोलले नाहीत. पैसे गेल्याचं त्यांना लागलं होतं, आणि ते आपल्या पाठीमुळे गेले असं त्यांनी मनात धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, सामान भरायच्या आधी, आम्ही चहा शोधत एका आतल्या गल्लीत शिरलो. तिथे एका घराच्या पुढच्या खोलीत एक बाई खिडकीशी बसून कोटाच्या कॉलरला हाताने टाके घालत होत्या. साठीच्या असाव्यात. दाराशी एकच स्टँड, त्यावर अर्धवट कोट. एक बाही लावलेली, दुसरी नाही, अंगभर पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके आणि खडूच्या रेघा. बाबा थांबले. इतक्या दिवसांत एखाद्या दुकानासमोर ते आपणहून थांबले, ते इथेच.

होई आनमधल्या बऱ्याच दुकानांत फक्त मापं घेतात. शिवण गावाबाहेरच्या कारखान्यांत होते आणि कपड्यांची गाठोडी स्कूटरवरून ये-जा करतात. त्यात वाईट असं काही नाही, पण ज्याने माणूस बघितला तो कापड कापत नाही आणि जो कापतो त्याच्यापुढे फक्त आकडे असतात. या बाई स्वतः कापत होत्या, स्वतः शिवत होत्या. वयाने मोठ्या बाईला तिथे 'को' म्हणतात. को म्हणजे वडिलांची बहीण, आपली आत्या. मीही त्यांना कोच म्हणायला लागले.

कोंनी टेप हातात घेतलीच नाही. बाबांना समोर उभं केलं आणि त्या नुसत्या बघत राहिल्या. मग मागून. मग दाराशी जाऊन परत यायला सांगितलं. मी फोनवर भाषांतर करून घेत होते. त्यांनी विचारलं, यांचं काम काय? मी टाइप करायच्या आत बाबांनी स्वतःच दाखवलं. उजव्या डोळ्याला भिंग लावल्यासारखी बोटं धरली, डाव्या हातात अदृश्य घड्याळ घेतलं आणि मान खाली घातली. को हसल्या. लगेच एक स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, तसेच बसा.

मापं घ्यायची वेळ आली तेव्हा बाबांनी सवयीने पाठ ताणली. कोंनी त्यांच्या दंडाला हळूच हात लावला आणि मान हलवली, नको. फोनने इंग्रजीत सांगितलं, "तुम्ही रोज उभे राहता तसे उभे राहा."

बाबांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी कापडांच्या ताग्यांकडे जाऊन उभी राहिले.

मापं घ्यायला पाऊण तास लागला. पाठीची लांबी वेगळी, पुढची वेगळी, दोन्ही खांदे वेगळे. वाकलेल्या पाठीला मागे कापड जास्त लागतं आणि पुढे कमी. मागे कमी पडलं तर कोट वर उचलला जातो आणि कॉलर मानेपासून सुटते. आयुष्यभर दुकानादुकानांत जे होत होतं त्याचं कारण एवढं साधं होतं, आणि ते मला एका परक्या गावातल्या बाईंनी कागदावर दोन रेघा काढून दाखवलं. कोटाच्या छातीत काय घालणार तेही हातात दिलं : घोड्याचे केस विणलेलं कडक कॅनव्हास. स्वस्त कोटात त्याऐवजी चिकट अस्तर गरम इस्त्रीने डकवतात आणि काही धुलाया झाल्या की त्याला फुगे येतात. कापडाचा धागा जाळून बघू का, असं मी संकोचत विचारलं तर त्यांनी स्वतःच लायटर काढून दिला. केसांचा वास आला.

किंमत ७५ लाख डाँग. बाबा 'लाख' ऐकून दचकले. आपले साधारण २५ हजार रुपये होत होते. वेळ मागितला पाच दिवसांचा. मी म्हटलं, आमची आज दुपारची गाडी आहे, ह्युएला जायचंय. कोंनी टेप गुंडाळायला घेतली. घाई करीन, असं त्या चुकूनही म्हणाल्या नाहीत. मी तिथेच बसून ह्युएचं बुकिंग रद्द केलं.

ते पाच दिवस कसे गेले? एक दिवस मी-सनला गेलो. चाम राजांनी बांधलेली शंकराची विटांची देवळं, बाबांना फार आवडली. चांद्र महिन्याच्या चतुर्दशीच्या रात्री गावातले दिवे मालवून कंदील लावतात, तेही बघितलं. पण नदीकाठी एवढी गर्दी, की कंदिलांपेक्षा लोकांचे मोबाइलच जास्त दिसले. मला अजिबात आवडलं नाही. जपानी पुलावर बाबा खिशातली वीस हजारांची नोट काढून तिच्यावरच्या चित्राशी पूल ताडून बघत बसले. बाकी वेळ आम्ही कोंच्या दुकानात.

पहिल्या ट्रायलला कोट नुसत्या कच्च्या टाक्यांवर होता. कोंनी कॉलर अंगावरच उसवली, बोटभर खाली घेतली, पुन्हा टाचली. दुसऱ्या ट्रायलला पाठ सुरेख बसली होती, पण बाहीच्या मागच्या बाजूला, कोपराच्या वर, तिरक्या वळ्या पडत होत्या. मला तर त्या दिसल्याही नव्हत्या. कोंनी बाबांचा हात सैल सोडायला सांगितला आणि तो कसा लटकतो ते बघितलं. टेबलाशी काम करणाऱ्या माणसाचे हात उभं असतानाही थोडे पुढेच राहतात. छोट्या कात्रीने त्यांनी खांद्यावरचे टाके एकेक करून कापले, अख्खी बाही सुटी केली, बोटभर पुढे फिरवली आणि टाचण्या लावल्या. वळ्या नाहीशा झाल्या. कापड तेच, बाही तीच, फक्त ती आता बाबांच्या हाताच्या दिशेने वळली होती.

बाबा त्यांची कात्री बघत होते. मग त्यांनी काजाकडे बोट दाखवलं, बघू का? को म्हणाल्या, बघा. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कोट डोळ्यांजवळ नेऊन काजाचे टाके एकेक बघितले. हाताने घातलेले, एकाला एक चिकटून, सगळे सारख्या उंचीचे. बराच वेळ गेला. एखाद्या जुन्या घड्याळाचं मागचं झाकण उघडल्यावर असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. को समोर बसून वाट बघत होत्या. निकाल ऐकायला थांबल्यासारख्या. बाबांनी मान वर केली आणि मराठीतच म्हणाले, "फार सुंदर काम आहे तुमचं." मी भाषांतर केलं नाही. गरजच पडली नाही.

शेवटच्या दिवशी कोट घातल्यावर कोंनी कॉलर आणि मान यांच्यामधून एक बोट फिरवलं. कुठेच जागा नव्हती. मी मागे जाऊन उभी राहिले, बाजूने बघितलं, पुन्हा मागून बघितलं. पोक होतं तसंच होतं. त्यावरून कापड सरळ, शांत खाली उतरलं होतं. पाठीमागे कुणाचीही मूठ नव्हती.

पाच लाखांच्या पंधरा नोटा बाबांनी स्वतः मोजून दिल्या. निघताना कोंनी त्यांना थांबवलं, कोट उतरवायला लावला आणि आतून पालथा केला. पाठीच्या शिवणीत आणि खालच्या काठाला त्यांनी नेहमीपेक्षा बरंच जास्त कापड आत दुमडून ठेवलं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, मग स्वतःची पाठ आणखी थोडी वाकवून दाखवली, आणि कात्री चालवल्याची खूण केली. पुढे गरज पडेल तेव्हा हे उसवून घ्या.

मला वाटलं, बाबांना वाईट वाटेल. त्यांनी त्या दुमडीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगली तीन बोटं माया सोडलीय बाईंनी."

दा नांगच्या विमानतळापर्यंत ३० किलोमीटर त्यांनी कोट मांडीवर आडवा घेऊन धरला होता. बॅगेत ठेवू दिला नाही.