पूलावर पांघरूण

मागच्या डिसेंबरात पुण्याच्या एका कुटुंबाने आमचा होमस्टे फक्त स्विमिंग पूल बघून बुक केला होता, आणि सकाळी साडेआठला त्यांचा सात वर्षांचा मुलगा पाण्यात उतरला तो दोन मिनिटांत बाहेर, ओठ जांभळे, दात कडकड वाजतायत आणि वर मलाच विचारतोय, "काका, कोकणात गरम असतं ना?" थर्मामीटर टाकला तर पाणी २१. त्याच्या वडिलांनी भर घातली, इथे उन्हवऱ्याला म्हणे जमिनीतून फुकट गरम पाणी येतं आणि तुमच्याकडे हे? उन्हवरे आमच्याच दापोली तालुक्यात आहे हे खरं, पण ते पाणी काय टँकरने आणून ओतू?

आता दापोलीची थंडी बाहेरच्यांना माहीत नसते. दुपारी अंगाला घाम आणि रात्री मतलई सुटली की पहाटे स्वेटर. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा तो कोरडा वारा आमच्या पूलवरूनच जातो.

एका डीलरला विचारलं तर म्हणाला, बारा किलोवॅटचा हीटर टाका, विषय संपला. मी हिशोब घातला. हजार लिटर पाणी एक डिग्री वर न्यायला १.१६ युनिट लागतात. आमचा पूल ८ बाय ४ मीटर, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४० हजार लिटर, म्हणजे एका डिग्रीला साडेसेहेचाळीस युनिट. २१ चे २८ करायचे तर सव्वातीनशे. बारा किलोवॅटचा हीटर त्याला सत्तावीस तास चालवायचा, युनिटला दहा रुपये धरा, तीन हजारांच्या वर गेले, आणि तेसुद्धा मधल्या काळात काहीच उष्णता निसटली नाही असं धरून. शिवाय मधे लाईट गेली की पुन्हा जैसे थे. विषय माझ्याकडून संपला.

त्यात रोज पाणी कमी होत होतं. प्लंबर म्हणाला लिकेज आहे, टाईल्स उचकटाव्या लागतील. हे ऐकून मला रात्रभर झोप नाही. मग यूट्यूबवर बघून एक बादली पूलच्या पायरीवर ठेवली, तिच्यात पूलच्याच पातळीइतकं पाणी भरलं, आतून मार्करने रेघ मारली, बाहेर टाईलवर पण एक रेघ. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गुडघ्यावर बसून पट्टी लावली, बादलीत ५ मिलिमीटर कमी, पूलमधे पण ५ मिलिमीटर. बादली काही गळकी नाही. म्हणजे पाणी वर उडतंय.

५ मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही पण ३२ चौरस मीटरवर ते १६० लिटर होतात, आणि एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना साधारण पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी उष्णता घेऊन जातं. म्हणजे दिवसाला शंभर युनिट हवेत उडून जातात, सव्वादोन डिग्री! अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची माहिती सांगते की उघड्यावरच्या पूलची सुमारे ७० टक्के उष्णता या बाष्पीभवनातच जाते. मी हे सगळं आईला फार मोठा शोध लागल्यासारखं सांगितलं तर ती कोकम निवडता निवडता म्हणाली, "न्हाणीतल्या हंड्यावर झाकण ठेव म्हणून मी तीस वर्षं ओरडत्ये, ते काय वेगळं होतं?"

काही वेगळं नव्हतं.

पहिलं झाकण म्हणजे पावसाळ्यातली निळी ताडपत्री. ती मधे बुडली, वर सुरूच्या काड्या आणि एक बेडूक, आणि ओढून काढताना सगळा कचरा पाण्यात. मग रीतसर बबल कव्हर मागवलं, ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. त्याचे फुगे खाली पाण्याकडे येतात, मी पहिल्या दिवशी उलटं टाकलं होतं. कात्रीने पूलच्या आकारात कापायचं, संध्याकाळी पसरायचं, सकाळी पीव्हीसी पाईपवर गुंडाळायचं, दोन माणसं लागतात आणि बाबा रोज कुरकुर करतात. पण आठवड्याभरात सकाळचं पाणी २५ वर. वीज शून्य. क्लोरीनचा मोठा डोस टाकला की त्या रात्री मात्र उघडं ठेवावं लागतं, नाहीतर कव्हरच खराब होतं. आणि एक गोष्ट आम्ही अजिबात चालवून घेत नाही, अर्धं कव्हर काढून पोहणं. पोर खाली गेलं तर वरून दिसतच नाही. काढायचं तर पूर्ण.

उरलेल्या तीन डिग्रीसाठी सोलर. विजेचे पॅनल नव्हे, पाणी थेट तापवणाऱ्या काळ्या मॅट, काच नाही काही नाही, नुसत्या बारीक नळ्या. आमच्या गोठ्याचं पत्र्याचं छप्पर दक्षिणेला उतरतं, गुरं आता नाहीत, स्कूटर असते. तिथे २४ चौरस मीटर बसवल्या, म्हणजे पूलच्या पाऊणपट. पॅनलचा हिशोब पण केला होता, ३ किलोवॅटचे रोजचे बारा युनिट, त्यावर हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारं यंत्र, चालवला तर एका युनिटात चार-पाच युनिट उष्णता मिळते, म्हणजे जेमतेम एक डिग्रीच्या वर. आमच्या बजेटला मॅटच बरी. शिवाय हीट पंपची जाळी खाऱ्या हवेत किती टिकेल हा प्रश्न, इथे गेटच्या बिजागऱ्या दोन वर्षांत गळून पडतात. मॅट प्लास्टिकची, तिचं काय गंजणार? गंजले ते क्लॅम्प. बसवणाऱ्याने साधे लोखंडी लावले होते, मार्चपर्यंत लाल झाले.

मॅटमधून येणारं पाणी हाताला कोमटच लागतं, म्हणून मी हुशारी करून व्हॉल्व्ह आवळला, पाणी मस्त गरम यायला लागलं आणि पूल मात्र तापेना. उलटं आहे सगळं. जोरात वाहू द्यायचं, दोन-तीन डिग्रीच वाढून आलं तरी भरपूर पाणी येतं, आणि मॅट थंड राहिली की उष्णता वाऱ्याला कमी देते. दुसरी चूक याहून भारी, एका रात्री पंप चालूच राहिला. सगळा पूल रात्रभर छपरावर जाऊन गार होऊन परत येत होता, सकाळी २३! तीन दिवसांचं ऊन एका स्विचने घालवलं. तेव्हापासून टायमर आहे, साडेनऊ ते साडेचार.

जानेवारीत २८ टिकलं. एप्रिलमधे उलट त्रास, कव्हर टाकलं तर पाणी आंघोळीचं होतं, म्हणून रात्री मुद्दाम उघडं ठेवायचं आणि मतलईला तिचं काम करू द्यायचं. जूनच्या आधी मॅटच्या पट्ट्या परत आवळायच्या, निसर्ग वादळात २०२० ला याच छपराचे चार पत्रे शेजाऱ्याच्या सुपारीत सापडले होते.

बबल कव्हर कापताना उरलेला तुकडा आईने उचलला आणि न्हाणीतल्या तांब्याच्या हंड्यावर टाकला, बरोब्बर गोल कापून. माझं माप चुकल्यामुळे पायरीजवळचा एक कोपरा अजून उघडा राहतो, तिथे तो तुकडा फिट बसला असता. मागून बघितला. देत नाही म्हणाली.