मुलांच्या रिपोर्टमधला इन्सुलिनचा आकडा

माझ्या भाचीचा रक्ताचा रिपोर्ट ताईने गंगापूर रोडवरच्या लॅबमधून आणला, तेव्हा उपाशीपोटीची साखर ९० पाहून घरातले सगळे निश्चिंत झाले. मला मात्र तिच्या मानेवरची काळसर, जाड झालेली त्वचा त्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटली. तो मळ नव्हे. लठ्ठ मुलांमध्ये ती बहुधा रक्तात इन्सुलिन वाढल्याची खूण असते, त्यामुळे मान घासत नाही म्हणून मुलीला रागावणे अन्यायाचे आहे.

पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून साखर आटोक्यात ठेवते, आणि हे वर्षानुवर्षे चालू शकते; म्हणूनच साखर नॉर्मल असणे पुरेसे नाही. हा ताण मोजण्यासाठी १९८५ मध्ये मांडलेला होमा-आयआर हा निर्देशांक वापरतात: उपाशीपोटीची साखर (मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये) आणि इन्सुलिन (मायक्रोयुनिट/मिलीमध्ये) यांचा गुणाकार भागिले ४०५. भाचीच्या रिपोर्टप्रमाणे साखर ९० आणि इन्सुलिन १८ असेल, तर उत्तर ४ येते. प्रौढांसाठी बऱ्याचदा २.५ च्या आसपासची मर्यादा धरतात, त्यामुळे हे उत्तर पाहून आईवडील घाबरतात. परंतु वयात येताना इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद निरोगी मुलांमध्येही काही काळ कमी होतो, म्हणून प्रौढांची मर्यादा अकरा-बारा वर्षांच्या मुलीला लावणे चूक आहे. शिवाय इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती लॅबनुसार बदलतात आणि नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या, तर इन्सुलिन खोटे कमी दिसू शकते.

मधुमेहाच्या तपासणीसाठी म्हणूनच इन्सुलिनऐवजी उपाशीपोटीची साखर, ग्लुकोज पाजून केलेली चाचणी किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) यांवर भर असतो. यांपैकी एचबीए१सी लोहाच्या कमतरतेत खोटे वाढू शकते, आणि आपल्याकडच्या मुलींमध्ये ही कमतरता सर्रास आढळते; त्यामुळे हिमोग्लोबिन सोबत पाहावे, असे माझे ठाम मत आहे. लिपिड प्रोफाइलमधले, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीतले, वाढलेले ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) आणि घटलेले एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ही जोडीही इन्सुलिनला प्रतिसाद कमी झाल्याबद्दल बरेच सांगून जाते, तर वाढलेले एएलटी हे यकृताचे एन्झाइम यकृतात चरबी साठत असल्याची शंका निर्माण करते.

ताईला मी हा रिपोर्ट बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला सांगितले आहे. त्यांनी भाचीची उंची, वजन आणि कंबर मोजावी, भारतीय मुलांच्या वाढीच्या तक्त्यावर तिचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) पाहावा, ती वयात येण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते तपासावे आणि त्यानंतरच होमा-आयआरच्या त्या ४ चा अर्थ सांगावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.