पॅडल, आठवडा सहावा: "अगं, जाऊ दे!"

काल शिकागोत उणे सहा. कोर्टाखालचे गॅस हीटर आधीच लावून ठेवले होते, तरी कोपऱ्यात बर्फ होताच. कोर्टाभोवतीच्या जाळीच्या तळाच्या फळ्या उघडून तो फावड्याने बाहेर लोटला, मग खेळ सुरू.

(पुण्यामुंबईत काचेच्या भिंतींचा जो 'पडेल' (padel) नावाचा खेळ आलाय तो हा नव्हे. हे १९२८ साली न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेलमध्ये कॉग्सवेल आणि ब्लँचर्ड या दोघांनी हिवाळ्यात बाहेर खेळता यावं म्हणून काढलेलं प्लॅटफॉर्म टेनिस. इथे सगळे नुसतं पॅडल म्हणतात.)

सर्व्हिस एकच मिळते, हे मला पाच आठवडे छळत होतं. टेनिसमध्ये पहिली जोरात हाणायची, चुकली तर दुसरी आहेच, ही वीस वर्षांची सवय. आता मी माझी टेनिसची दुसरी सर्व्हिसच टाकते आणि नेटकडे पळते. काल फक्त दोन चुकल्या. नेटला चाटून आत पडलेली सर्व्हिसही इथे खेळावी लागते. त्यावर मी अजून पुतळ्यासारखी उभी राहते.

खरी अडचण जाळीची. कोर्ट ४४ बाय २० फूट, म्हणजे टेनिसच्या मानाने अंगणच, आणि भोवती १२ फूट उंच तारेची जाळी. टप्पा आत पडून बॉल जाळीवर आदळला तरी तो जिवंत असतो. डोक्याला हे कळतं, हाताला नाही. जोरात आलेला बॉल पाहिला की मी घाईने बॅट घालते आणि तो नेटमध्ये. माझी पार्टनर नागपूरची. ती मागून ओरडते, "अगं, जाऊ दे!" समोरच्या दोघींना वाटतं ही काही गुप्त खूण आहे. काल तिसऱ्या गेममध्ये एकदाचा जाऊ दिला. मागे वळले, गुडघे वाकवले. बॉल जाळीवरून आरामात परत आला, मी उंच लॉब टाकला. मग त्यांचा स्मॅश, माझा लॉब, पुन्हा स्मॅश, पुन्हा लॉब. शेवटी त्यांचाच बाहेर गेला. टेनिसमध्ये असा पॉइंट मिळाला असता तर मला लाज वाटली असती!

सेट ४-६ हरलो. बाजूच्या जाळीला लागून मग मागच्या जाळीवर जाणारा बॉल अजून अजिबात कळत नाही, मी गोल फिरते आणि तो भलतीकडून निघतो. शनिवारी तासभर फक्त तोच कोपरा. पार्टनर हाताने बॉल टाकणार आहे, बदल्यात शेजारच्या खोलीत शेकत बसल्यावर तिला थालीपीठ हवंय.