प्रिओरात: वाट आधी, वाइन नंतर

प्रिओरात म्हणजे स्पेनमधल्या कातालोनियातला वाइनचा डोंगराळ प्रदेश. तिथल्या ग्रातायोप्स गावाहून ला बिलेया बाशा गावाला पायवाटेने जाणार असाल, तर वाइनरीत शिरायच्या आधी जा. वाइनरीतल्या बाईंनी खिडकीतून हात करून "सोपी वाट आहे, तासाभराची" असं सांगितलं आणि मी चार ग्लास वाइन पिऊन दुपारी दीड वाजता, सप्टेंबरच्या उन्हात निघाले. अडीच तास लागले.

सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर तुमचे पाय तयार असतील, तरी हा घसारा वेगळा आहे. इथल्या दगडाला कातालान भाषेत यिकोरेया म्हणतात. शाळेतल्या पाटीच्या जातीचाच हा दगड, काळपट-तांबूस, पापुद्रे सुटणारा. मुरमात टाच रोवता येते. इथे एक कपची दुसरीवरून सरकते, तिच्याबरोबर पायही जातो. मधला उतार मी बसून उतरले. उतार इतका तीव्र की बऱ्याच बागांत ट्रॅक्टर जात नाही, काही ठिकाणी अजून खेचर लावतात. तोल सावरायला एका जुन्या वेलीचं खोड धरलं, तर ते मनगटाहून जाड, गाठीगाठींचं, आणि अख्ख्या वेलीवर घोस फक्त तीन. पाण्यासाठी मुळं दगडाच्या फटींतून खोल उतरतात, द्राक्षं थोडीच लागतात, म्हणून रस दाट. इथली बाटली महाग का, ते त्या उतारावर बसून कळलं.

दोन लिटर पाणी, घट्ट तळव्याचे बूट आणि काठी हवीच. दुपारी दोन ते पाच गावातली दुकानं बंद होती, पाण्याची बाटलीसुद्धा मिळाली नाही.

आता बिल. चार वाइन चाखण्याचे २५ युरो ठरले होते, हातात आलं ४३चं. "हीही चाखून बघा" म्हणून पुढे केलेली जुनी वाइन आणि न मागता आलेलं पाव-तेल, दोन्ही लावलं होतं. नाव सांगत नाही, पण बसण्याआधी स्पष्ट विचारा: किमतीत काय काय धरलंय? चालायचं असेल तर घोट थुंका. थुंकायचं भांडं टेबलावर त्यासाठीच असतं, आणि लाल वाइनमधलं अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास जातं.

वाइन मात्र अस्सल. गार्नाचा आणि कारिन्येना या दोन द्राक्षांवर सगळा डोलारा उभा आहे. स्पेनमध्ये वाइनचा सर्वोच्च दर्जा दोनच प्रदेशांना आहे: रिओहा आणि हा. नाव पडलं एस्काला देईच्या मठाच्या प्रायरवरून, म्हणजे मठप्रमुखावरून. बाराव्या शतकात आलेले कार्थुसियन पंथाचे ख्रिस्ती साधू १८३५ मध्ये मठ सोडून गेले. आता भग्न भिंती उरल्यात, तासभर पुरे.

जेवताना लाल वाइन माशाबरोबर घेऊ नका, मासा हरवून जातो. ती निखाऱ्यावरच्या कोकराबरोबर किंवा पांढऱ्या घेवड्यावर ठेवलेल्या बोतिफारा सॉसेजबरोबर घ्या. शाकाहारी असाल तर भाजलेल्या वांग्या-मिरचीची एस्कालिवादा, सिउरानाचं ऑलिव्ह तेल आणि पांढरी गार्नाचा. एस्कालिवादावर अँचोव्ही मासा ठेवून देतात, आधीच नको म्हणा. ती जुनी वाइन, 'वी रान्सी', पिंपात वर्षानुवर्षं हवा खात मुरते आणि तिला अक्रोडाचा वास येतो. भाजलेल्या हेझलनटबरोबर ती मला सगळ्यांत आवडली. पैसे उकळले, तरी हे खरं.

खिशाला जपायचं असेल तर एकच महागडं टेस्टिंग करा. रात्रीच्या जेवणाला मोन्सान मागवा, प्रिओरातला वेढून असलेल्या शेजारच्या प्रदेशाची. द्राक्षं तीच, बिल निम्मं.

सिउराना गाव सुंदर आहे, जा.

बार्सिलोनाहून गाडी मार्सा-फालसेतला येते, पण स्टेशन फालसेत गावाबाहेर आहे, चालत अर्धा तास. पुढच्या गावांसाठी टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. स्टेशनाबाहेर एकही उभी नव्हती.