आर्थरचं पेंढ्याचं चर्च

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं ओगालाला गाव मागे पडलं की हायवे ६१ वर झाड दिसणं जवळपास बंद होतं. दोन्ही बाजूंना गवत पांघरलेल्या वाळूच्या टेकड्या, मधूनच गुरं. साठेक किलोमीटर हेच चित्र. नेब्रास्काच्या या सँडहिल्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोक जमिनीसाठी आले, तेव्हा घर बांधायचं कशाचं हाच पेच होता. लाकूड नाही, आणि माती इतकी रेताड की भिंतीसाठी गवताळ मातीच्या ढेपा कापायला जावं तर भुगा होतो. पण गवत-पेंढ्याचे गठ्ठे बांधायचं यंत्र तोवर आलं होतं. मग गठ्ठेच एकावर एक रचले.

आर्थर जेमतेम शंभरेक वस्तीचं गाव. इथलं १९२८ चं पिल्ग्रिम होलिनेस चर्च राय या धान्याच्या पेंढ्याचं आहे, हे बाहेरून सांगूनही पटत नाही. सगळीकडून गिलावा. खरी गंमत खिडकीत कळते: भिंत जवळजवळ दोन फूट जाड, कठड्यावर हात ठेवला तर कोपरापर्यंत सहज मावतो. भिंतीवर टकटक केलं तर आवाज भद्द येतो, विटेसारखा टणत्कार नाही. आणि छप्पर पेललंय या गठ्ठ्यांनीच, आत लाकडी सांगाडा नाही. अशी भिंत छपराच्या भाराने थोडी खाली बसते, म्हणून ती बसू देऊन मगच गिलावा करायचा.

पेंढा म्हटलं की सगळे आगीचं विचारतात. दाबून बांधलेल्या गठ्ठ्यात हवाच खेळत नाही, त्यामुळे पृष्ठभाग कोळपतो आणि आग तिथेच रेंगाळते. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाच्या संशोधनात गिलावा केलेल्या पेंढ्याच्या भिंतीने हजार अंश सेल्सिअसहून जास्त उष्णता दोन तासांवर सोसली.

मला धास्ती पाण्याची. ओल वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की पेंढा कुजू लागतो. म्हणून जोतं उंच आणि वळचण रुंद हवी. मी खिडक्यांखालचा गिलावाच निरखत बसलो, कारण झिरपलेलं पाणी तिथे मुरतं. डोळ्यांना काही खटकलं नाही. पण आतली ओल मोजायला लांब सुईचा मीटर भिंतीत खुपसावा लागतो, आणि हे चर्च आता संग्रहालय आहे, तिथे ते कोण करू देणार!

शिवाय, एक चर्च टिकलं म्हणजे चाचणी झाली असंही नाही. पडलेली घरं बघायला मिळतच नाहीत. नेब्रास्कातल्याच बेयार्डजवळच्या पेंढ्याच्या एका जुन्या शाळेला गिलावा केलाच नव्हता. तिच्या भिंती गुरांनी खाऊन टाकल्या म्हणतात.